पंक्तिप्रपंच

विश्रामबाग, सांगली

चि. बाळ यास,


तुझं पत्र आणि सोबतचा ठरावाचा मसुदा पोचला. ‘मावशी, भाषा तेवढी तपासून दे’ असं लिहिलं आहेस. भाषा स्वच्छ आहे, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं ते पेन्सिलीने दुरुस्त केलं. पण मजकूर वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

मसुद्यात तीन कलमं आहेत. ज्या सभासदांनी बाळपणी बाप्तिस्मा झालेला असताना दुसरीकडे जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला, त्यांची नावं मंडळीच्या पटावरून कमी करावीत. त्यांना प्रभुभोजनात भाग देऊ नये. आणि मंडळीच्या दफनभूमीवर त्यांचा हक्क राहू नये. कुणाचंही नाव घातलेलं नाहीस. घालायची गरजही नाही. ठराव पास झाला तर पहिली रेघ कुणाच्या नावावर ओढली जाणार हे तुला, मला आणि तुमच्या कमिटीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ताईने गेल्या वर्षी त्या फेलोशिपच्या लोकांबरोबर कृष्णेत उतरून बाप्तिस्मा घेतला, आणि तिचा सख्खा भाऊ मंडळीचा चिटणीस आहे. उद्या कुणी ‘घरच्यांना सांभाळून घेतलं’ म्हणू नये म्हणून तू मसुदा मुद्दाम कडक केलास, हे मला त्यात दिसतं. तुझ्या सचोटीबद्दल शंका नाही.

आधी एक सांगून टाकते. ‘सगळे एकाच देवाची लेकरं, कशाला वाद’ असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मिरजेच्या नर्सिंग शाळेत आम्ही निरनिराळ्या मिशनांतून आलेल्या मुली एका खोलीत राहायचो. मेथडिस्ट होत्या, साल्व्हेशन आर्मीच्या होत्या, नगरकडच्या होत्या. रात्री दिवे गेले की बाप्तिस्म्यावरून, दृढीकरणावरून, मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी का यावरून आम्ही कडाकडा भांडायचो. सकाळी त्याच मुली एका वॉर्डात. वाद घातल्याने माणूस दुरावतो असं मला कधी वाटलं नाही. न बोलता मनात ठेवल्याने दुरावतो.

आणि हा वाद खरा आहे. ताई नदीत उतरली तेव्हा ती नुसती भिजली नाही. तुझ्या आईवडिलांनी, अक्का आणि भावजींनी, तिला कडेवर घेऊन मंडळीपुढे जो करार केला तो झालाच नव्हता, असं ती आपल्या कृतीने म्हणाली. अक्काला ते लागलं, मलाही लागलं. बाळकाच्या बाप्तिस्म्यावर माझा विश्वास आहे. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं सगळं घराणं त्या रात्री बाप्तिस्मा घेतं, आणि देवाने अब्राहामाशी केलेल्या करारात आठ दिवसांची मुलं होती. देव माणसाला आधी धरतो, माणूस त्याला मागून ओळखतो. तान्ह्या मुलाच्या कपाळावरच्या पाण्यात मला हे दिसतं. ताई म्हणेल, नव्या करारात जिथे जिथे बाप्तिस्मा आहे तिथे आधी विश्वास आहे, हबशी षंढाने आधी विचारलं आणि मग तो पाण्यात उतरला. तिच्याही बोलण्यात तथ्य आहे. हा प्रश्न पोरकट असता तर पाचशे वर्षं शहाण्या माणसांनी त्यावर डोकी फोडली नसती.

डोकी फोडली, हे मी अलंकाराने म्हणत नाही. १५२७च्या जानेवारीत झुरिक शहराच्या कौन्सिलाने फेलिक्स मान्झ नावाच्या तरुणाला हातपाय बांधून लिमात नदीत बुडवून मारलं. गुन्हा काय, तर मोठ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा देणं. पाण्याचा हट्ट आहे ना, मग घ्या पाणी, असा तो न्याय. त्या शहराचा पुढारी उपदेशक झ्विंग्ली, म्हणजे आपण प्रेस्बिटेरियन ज्या रिफॉर्म्ड परंपरेतले म्हणवतो तिचा एक मूळपुरुष. दोनच वर्षांनी, १५२९ साली, हाच झ्विंग्ली मारबुर्गला लूथरसमोर बसला. पंधरा कलमांपैकी चौदांवर दोघांचं जुळलं. पंधरावं प्रभुभोजनाचं, तिथे अडलं, आणि लूथरने त्याला भाऊ म्हणायचं नाकारलं. दुसऱ्याला बाहेर काढणाऱ्याची पाळी फार लांब नसते. तुझ्या ठरावाची आणि लिमात नदीची बरोबरी मी करत नाही. पण दोन्हींची जातकुळी कोणती ते पाहा.

पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र उघड. तिथेही गट पडले होते: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. पौल म्हणतो की मी तुमच्यापैकी फारशा कुणाचा बाप्तिस्मा केला नाही हे बरंच झालं. मग त्याला दोन नावं आठवतात, मग आणखी एक घराणं आठवतं, आणि पुढे तो सरळ कबूल करतो की आणखी कुणाचा केला असेल तर आता लक्षात नाही. हे वाचताना मला दर वेळी हसू येतं. बाप्तिस्म्याचा एवढा मोठा अर्थ रोमकरांच्या पत्रात सांगणाऱ्या माणसाकडे बाप्तिस्म्याचं रजिस्टर नव्हतं. तुझ्याकडे आहे, आणि त्यात रेघा ओढायला तू लाल शाई काढली आहेस.

आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय. अंत्युखियात पौल पेत्राला तोंडावर बोलला, चारचौघांत. कशासाठी? पेत्र आधी विदेश्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमकडची काही माणसं आली आणि त्यांच्या भीतीने तो विदेश्यांच्या पंक्तीतून उठला. पौलाने ते सिद्धांताचं भांडण मानलं, कारण सुवार्तेचं खरेपण त्याला त्या पंगतीत पणाला लागलेलं दिसलं. कमिटीत सारखं म्हटलं जातं म्हणून लिहितोस की ‘सिद्धांत राखायचा तर पंगत वेगळी करावी लागते.’ अंत्युखियात नेमकं उलट घडलं. पंगत एक राहावी म्हणून सिद्धांतासाठी भांडण झालं.

बाळ, आपल्या लोकांनी तरी हे विसरू नये. नगर, सातारा, सांगली या भागांतल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांच्या मागच्या पिढ्यांना गावच्या पंगतीला बसू दिलं जात नव्हतं. लांब वेशीबाहेर बसायचं, वरून टाकलेलं घ्यायचं. त्या माणसांना पहिल्यांदा एका प्याल्यातून प्यायला मिळालं ते प्रभूच्या मेजावर. काहींनी बाप्तिस्म्याचं शास्त्र ऐकून धर्म स्वीकारला असेलही, पण त्या प्याल्याने आणखी कितीतरी माणसं आली. त्यांच्या नातवंड-पतवंडांनी आता पंक्तिप्रपंच करावा, आणि तोही त्याच मेजावर?

तू म्हणशील, मावशी, शिस्त कुठे गेली? मग थोडा इतिहास ऐक, कारण तुमच्या कमिटीत ‘आपली परंपरा’ हा शब्द फार फिरतो असं तुझ्या पत्रावरून दिसतं.

आपण सांगली-मिरज-कोल्हापूरचे लोक प्रेस्बिटेरियन कसे झालो? कॅल्विन वाचून कुणी झालं नाही. रॉयल वाइल्डर अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेतर्फे १८४६ साली हिंदुस्थानात आले, आधी अहमदनगरला आणि १८५२पासून कोल्हापुरात. पुढे बोर्डाशी त्यांचं बिनसलं. काही वर्षं त्यांनी कुणाच्याही छत्राशिवाय काम चालवलं, आणि १८७०मध्ये कोल्हापूरचं मिशन प्रेस्बिटेरियनांकडे गेलं. वाइल्डरसाहेबांचं बोर्डाशी पटलं असतं तर आपणही तुझ्या हल्लीच्या साताऱ्याच्या मंडळीसारखे काँग्रिगेशनल असतो, आणि तीच आपली परंपरा म्हणून छातीठोकपणे सांगत असतो. एका गृहस्थाचं मुंबई-बोस्टनच्या पत्रव्यवहारात बिनसलं, त्यावर आपली वंशावळ उभी आहे.

मंडळीचा कारभार कसा चालावा याबद्दल दोन्ही गटांच्या कल्पना वेगळ्या होत्या. काँग्रिगेशनल म्हणत, प्रत्येक मंडळी आपल्या घरची मालकीण. प्रेस्बिटेरियन म्हणत, वडीलजनांच्या सभेवर सभा हवी, एकटीने कुणी निर्णय घ्यायचा नाही. हा फरकही लहान नव्हता. इंग्लंडात यावरून पार्लमेंटात कडाक्याची भांडणं झाली आहेत. तरी १९२४ साली या दोघांनी मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी केली. म्हणून तू सांगलीचा प्रेस्बिटेरियन मुलगा नोकरीसाठी साताऱ्याला गेलास तेव्हा तुझं सभासदपत्र दोन मिनिटांत मान्य झालं आणि आज तू तिथला चिटणीस आहेस. ज्या दारातून तू आत आलास ते दार कुणीतरी भांडून, बसून, पुन्हा भांडून उघडलं होतं.

मग नागपूर. २९ नोव्हेंबर १९७०. त्याआधी चाळीस वर्षं, १९२९पासून बोलणी चालू होती. अँग्लिकन, आपली संयुक्त मंडळी, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन वळणाचे मेथडिस्ट, डिसायपल्स अशा सहा प्रवाहांची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अमेरिकन वळणाचे मेथडिस्ट शेवटच्या घटकेला मागे फिरले. चाळीस वर्षं कशात गेली? एक तर बिशपच्या हात ठेवण्यात, आणि दुसरं नेमकं तुझ्या ठरावातल्या विषयात. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नसत, बाकीचे देत. कुणीच आपली श्रद्धा सोडली नाही. शेवटी घटनेत दोन्ही रीती बरोबरीने मान्य झाल्या. ज्याला हवा त्याने बाळाला बाप्तिस्मा द्यावा. ज्याला नको त्याने बाळाचं समर्पण करावं आणि मूल मोठं होऊन विश्वास कबूल करील तेव्हा त्याला बाप्तिस्मा द्यावा. एकाच मंडळीत, एकाच पाळकाच्या हाताखाली. मला यात मोठं धाडस वाटतं. वाद मिटला असं खोटं न म्हणता त्या वादासकट एका छपराखाली राहायचं त्यांनी ठरवलं.

तू चतुर आहेस. तू म्हणशील, तिथे दोन पर्याय मान्य आहेत, एकाच माणसाने दोन्ही घ्यावेत हे मान्य नाही. अगदी बरोबर. ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे त्याला पुन्हा देणं म्हणजे पहिल्या मंडळीला मंडळीच न मानणं. १९८२ साली पेरूतल्या लिमा शहरात जगभरच्या मंडळ्यांच्या विद्वानांनी बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवापद यांवर जो मजकूर तयार केला, त्यातही पुनर्बाप्तिस्म्यासारखं दिसणारं काही टाळा, असंच म्हटलं आहे. तेव्हा सिद्धांतात तुझी बाजू भक्कम आहे, आणि मी तुझ्या बाजूची आहे. पण नीट बघ, चूक कुणाची धरायची? ज्या पाळकाने ताईचा पहिला बाप्तिस्मा नाकारला त्याच्याशी बोलायला तुमच्यातलं कुणी गेलं का? तुझ्या पत्रात तरी तसं काही नाही. त्याला सोडून त्याच्या श्रोत्यांना शिक्षा करणं सोपं, कारण ते आपल्या पटावर आहेत.

आता जरा अप्रिय लिहिते. मला वाटतं तुमच्या कमिटीतला निम्मा राग बाप्तिस्म्याचा नाहीच. तरुण संघातली सहा-सात मुलं तिकडे गेली, त्यांचा दशांश तिकडे गेला, नाताळच्या वर्गणीत खड्डा पडला, आणि पुढच्या निवडणुकीत तिकडे जाणाऱ्यांची मतं कुणाला पडतील याची धास्ती आहे. हे माझे तर्क नाहीत, तूच तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलं आहेस. पैशाचं आणि मतांचं भांडण असेल तर ते तसं म्हणून भांडा, त्यात लाज नाही. त्याला बाप्तिस्म्याचा झगा घातला की मग माघार घेता येत नाही, कारण देवाच्या नावाने केलेला ठराव मागे घेणारा कमिटीत कुणी सापडत नाही.

ठरावांनी काय होतं आणि काय होत नाही याचा दाखला सुप्रीम कोर्टात आहे. गुजरातेत ब्रदरन मंडळीच्या एका संस्थेने चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन होण्याचा ठराव केला. त्यांच्यातल्याच काहींनी तो मानला नाही. संस्था सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली, जमिनी तिच्या नावावर. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०१३ साली कोर्टाने सांगितलं की नुसत्या ठरावाने विश्वस्त संस्था विसर्जित होत नाही आणि तिची मिळकत दुसऱ्याकडे जात नाही. एकत्र येण्याचा ठराव असा कोर्टात उभा राहिला. मग तोडण्याच्या ठरावाचं काय होईल? तुमच्या दफनभूमीचं कलम घेऊन कुणी धर्मादाय आयुक्तांकडे गेलं तर चिटणीस म्हणून तारखांना तू उभा राहशील. नागपूरची एकी कोर्टकचेरीत कितीदा सापडली हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ती एकी सोन्याची होती असं मी म्हणत नाही. पण तिचा गुण मंडळ्यांच्या मेजावर दिसला, सात-बाराच्या उताऱ्यावर नाही.

साताऱ्यात राहून तुला नारायण वामन टिळकांची आठवण होत नाही याचं मात्र नवल वाटतं. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते तुमच्याच गावात आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सगळे शिष्य तिथे एक. मी स्वतः तेवढी पुढे जाणार नाही. बाप्तिस्म्याचं कुंपणच काढून टाकलं तर मंडळी उरते कुठे, हा प्रश्न मला पडतो, आणि १९१९च्या मेमध्ये टिळक गेल्यावर दरबार चालवायला त्यांच्यासारखा माणूस मिळाला नाही. पण आपल्या बहुतेक पंथांच्या उपासनेत आजही टिळकांची पदं म्हणतात, हेही खरं. ती म्हणताना या माणसाचं बाप्तिस्म्याबद्दल मत काय होतं असं कुणी विचारत नाही.

आणि टिळकांच्या लक्ष्मीबाई! नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५चा, हिचा १९००चा. मधली पाच वर्षं ताटातूट, रडारड, मग पुन्हा एकत्र संसार. नवरा ख्रिस्ती आणि बायकोचं सोवळं चालू. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाच, मुद्दाम वाच. तिचं मन बदललं ते कुणी तिला घराबाहेर काढलं म्हणून बदललं नाही. पंडिता रमाबाईंचंही तेच. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचे खटके उडायला लागले: त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून, तुझा पंथ कोणता यावरून. जेराल्डीनबाईंनी पत्रांवर पत्रं लिहून दटावलं. रमाबाई हटल्या नाहीत. ख्रिस्ताविषयी त्यांची समज पुढे खोल झाली ती स्वतःच्या वाचनाने, प्रार्थनेने, वेळ लागून. त्यांना वाँटेजहून हाकलून दिलं असतं तर केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं असतं की नाही, देव जाणे.

तर आता काय करायचं ते लिहिते. तू चिटणीस आहेस, तुला मोघम चालत नाही.

दफनभूमीचं कलम आजच काढ. त्यावर कमिटीत चर्चासुद्धा होऊ देऊ नकोस. मातीला जाणाऱ्या माणसाशी सिद्धांताचा हिशेब करायचा नसतो. प्रभुभोजनाचं कलमही काढ, आणि कुणी कारण विचारलं तर गलतीकर दोन वाचून दाखव. पटाचं कलम राहू दे, पण फिरवून लिही. जो सभासद वर्षभर उपासनेला आला नाही, त्याच्याकडे पाळकांनी आणि दोन वडीलजनांनी जाऊन भेटावं, आणि तो स्वतः नको म्हणाला तरच नाव कमी करावं. हा नियम सगळ्यांना लावा. कमिटीतले जे दोन गृहस्थ फक्त नाताळ आणि ईस्टरला चर्चमध्ये दिसतात त्यांनाही. मग ठरावाला किती हात वर होतात ते मला कळव.

बाप्तिस्म्यावर दोन रविवार उपासनेनंतर जाहीर शिक्षण ठेवा. एका रविवारी तुमच्या पाळकांनी बाळकाच्या बाप्तिस्म्याची बाजू मांडावी, दुसऱ्या रविवारी त्या फेलोशिपच्या पाळकांना बोलवावं. ते येणार नाहीत असं कमिटी म्हणेल. विचारल्याशिवाय कसं कळणार? आले तर तुझ्या मुलांना निदान एवढं कळेल की आपल्या बाजूलाही शास्त्र आहे. खरं तर आपली मुलं तिकडे जातात ती बहुधा यामुळेच की आपण त्यांना बाप्तिस्म्याचा अर्थ कधी शिकवलाच नाही. फोटो काढले आणि बिर्याणी वाढली.

ताईला मी वेगळं पत्र लिहिलं आहे, आणि ते यापेक्षा कडक आहे. तिचे पाळक आपल्या मंडळीला ‘नावाचे ख्रिस्ती’ म्हणतात आणि ती मान डोलावते, हे मला मुळीच आवडलेलं नाही. ज्या आईने तिला प्रार्थना शिकवली तिला नावाची ख्रिस्ती म्हणवून घ्यायला ती तयार आहे का, असं मी विचारलं आहे. पंक्तिप्रपंच तिकडूनही होतो. त्यांच्या मेजावर तुला भाग मिळेल का, हेही तिने त्यांना विचारून तुला सांगावं असं लिहिलं आहे. उत्तर ‘नाही’ आलं तरी तुझं ‘हो’ बदलू नकोस.

तिच्या धाकट्याचं समर्पण पुढच्या महिन्यात फेलोशिपमध्ये आहे असं ऐकते. तू जायचं. तुमच्याच घटनेत समर्पण मान्य आहे, तेव्हा चिटणिसाच्या पदाला बाधा येत नाही. मीही सांगलीहून येणार आहे, सकाळच्या एस.टी.ने. स्टँडवर कुणाला तरी पाठव, गुडघा अजून दुखतो. पाळकसाहेबांना आणि सूनबाईंना सलाम, मुलांना पापा.

दुरुस्त मसुदा सोबत जोडला आहे. तिसऱ्या कलमावर मी काट मारली आहे, तिथे नवीन काही लिहू नकोस.

तुझी,
मावशी